कसणाऱ्याचे नाव

परभणीत १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. कृषीचा इंग्रजी शब्द ‘अ‍ॅग्रिकल्चर’ लॅटिनमधला: ‘आगेर’ म्हणजे शेत, ‘कुल्तुरा’ म्हणजे मशागत. ज्या धातूपासून ‘कुल्तुरा’ आला, त्याच धातूपासून ‘कोलोनुस’, म्हणजे कसणारा. ‘कॉलनी’ हा शब्दही त्याच्याच नावावरून. रोममध्ये हा कोलोनुस पुढे जमीनदाराचे कूळ झाला, इ. स. ३३२ च्या कायद्याने पळू पाहणाऱ्या कोलोनुसास बेड्या घालण्याची मुभा दिली. मराठवाड्यातील कुळाला १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने संरक्षण दिले. परंतु ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते, त्या सालगड्याच्या पदरी काय पडले? ‘कल्चर’ म्हणजे संस्कृती. ती मशागतीतूनच जन्मली. मशागत करणारा भूमिहीन आहे तोवर तिचे गोडवे पोकळच ठरतात. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा सातबाऱ्यावर उतरली पाहिजे.