घाण्या रोगावरचे उत्तर कोबीच्या नातलगांत

पावसाळी कोबी-फुलकोबीत पानांच्या कडेला इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे पिवळे डाग पडून शिरा काळ्या झाल्या, की तो घाण्या रोग. जिवाणूजन्य असल्याने एकदा प्लॉटमध्ये पसरल्यावर फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. मग प्रतिकारक वाण का मिळत नाही?

या जिवाणूच्या अनेक रेस आहेत. जगभर जास्त आढळतात त्या रेस १ आणि ४. नेमका त्यांनाच रोखणारा गुण कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, नवलकोल या एकाच प्रजातीतील पिकांत दुर्मीळ आहे. तो सापडतो काळी मोहरी आणि इथिओपियन मोहरी या नातलगांत. म्हणूनच जनुकपेढी महत्त्वाची. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या जनुकपेढीत विविध पिकांचे ४ लाखांहून अधिक नमुने जतन केले आहेत.

मात्र गुण सापडणे वेगळे आणि वाणात उतरवणे वेगळे. इथिओपियन मोहरीत गुणसूत्रांच्या १७ जोड्या, फुलकोबीत ९. संकर केला तरी बहुतेक गर्भ शेंगेतच मरतात. ते वेळीच काढून प्रयोगशाळेत वाढवावे लागतात. पुढे मोहरीचे नको ते गुण घालवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या फुलकोबीशीच पुन्हा संकर करावा लागतो. भारतीय कृषी संशोधन संस्थेने फुलकोबीत याच मार्गाने काम केले आहे.

अडचण दुसरीही आहे. एकाच जनुकावर उभी असलेली प्रतिकारशक्ती टिकत नाही. कॅनडात मुळावरील गाठी रोगाला प्रतिकारक कॅनोला २००९ च्या सुमारास आला. २०१३ मध्ये त्यालाही रोग लागलेली शेते आढळली. म्हणून नमुने नुसते गोठवून भागत नाही. रोगाच्या प्रत्येक रेसवर ते तपासले, तरच पैदासकाराला दोन-तीन जनुके एकत्र आणता येतात. माझ्या मते निधीची खरी गरज या तपासणीला आहे.

तोवर तुमच्या हाती काय?

• ‘प्रतिकारक’ म्हणून बियाणे देऊ केले, तर कोणत्या रेसला ते विचारा.
• प्रक्रिया न केलेले बियाणे ५० अंश सेल्सिअस गरम पाण्यात ठेवा: कोबी २५ मिनिटे, फुलकोबी २०. आधी थोड्या बियाण्यावर उगवण तपासा.
• त्याच जमिनीत किमान दोन वर्षे कोबीवर्गीय पीक, मोहरी किंवा मुळा घेऊ नका.