दहावीतली लेक आणि रविवारचा टीव्ही

आमच्या वस्तीतल्या एक ताई विड्या वळतात. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण गोष्ट त्यांच्या एकट्यांची नाही, घराघरातली आहे. मागच्या महिन्यात विड्या पोचवून परत येताना त्या आमच्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, घरचा टीव्ही इकून टाकू का जी? पोट्टी दहावीत हाय. एकाच खोलीत तो चालते अन् तिथंच तिनं अभ्यास कराचा. कसा करल?"

आम्ही पडलो कारकून. कागद पाहिल्याशिवाय शेरा मारायचा नाही ही नोकरीतली सवय. म्हणालो, "ताई, आम्हाला एक रविवार द्या. टीव्हीवर दिवसभरात कामाचे काय येते ते आधी तपासतो, मग सांगतो."

तो रविवार पावसाचा होता. सकाळी सातला वही-पेन घेऊन आम्ही टीव्हीसमोर बसलो. आमच्याकडे दूरदर्शनची मोफत डिश आहे. एकदा छत्री आणि डबा विकत घेतला की महिन्याचे भाडे नाही. ही सेवा २००४ साली सुरू झाली. कुडव्यात आणि आसपासच्या गावांत मजुरी करणाऱ्या पुष्कळ घरांच्या कौलांवर तीच छत्री दिसते. मालिका आणि बातम्या सोडायच्या, फक्त कला, छंद आणि माहितीचे कार्यक्रम पाहायचे, असे आम्ही ठरवले होते.

पहिला कार्यक्रम शाळेचा. करोनाच्या काळात, २०२० साली, 'एक इयत्ता, एक वाहिनी' अशी योजना केंद्र सरकारने जाहीर केली. पहिली ते बारावी, बारा वाहिन्या. पुढे २०२२ च्या अर्थसंकल्पात त्या दोनशे करण्याचे जाहीर झाले. दहावीच्या वाहिनीवर त्या वेळी विजेचा पाठ चालू होता. तार लांब असेल तर विजेच्या प्रवाहाला अडथळा जास्त, तार जाड असेल तर अडथळा कमी, हे गुरुजींनी दोन तारा आणि एक दिवा घेऊन दाखवले. आम्ही बी.कॉम. झालेलो, शास्त्राशी आमचा संबंध दहावीनंतर सुटला. पण गावाच्या शेवटच्या टोकाला, खांबापासून लांब असलेल्या घरातला दिवा मिणमिणता का असतो, हे आम्हाला त्या दिवशी नीट उमगले. अडचण भाषेची होती. पाठ हिंदीत. हिंदीत ज्याला 'प्रतिरोध' म्हणतात त्याला आपल्या मराठी पुस्तकात 'रोध' म्हणतात. मुलीला कोणी हे सांगितले नाही तर ती गोंधळते. सांगितले तर पाठ तिचाच आहे.

त्यानंतर कलेचा कार्यक्रम. दूरदर्शनची 'डीडी भारती' ही वाहिनी २००२ सालची, संगीत, नृत्य, चित्रकला अशा गोष्टींसाठी काढलेली. मातीचे भांडे चाकावर कसे उभे राहते ते दाखवले. कुंभाराचे तोंड फारसे दिसले नाही, हातच दिसत होते. हातांकडे इतका वेळ पाहण्याची सवड एरवी कोणाला असते? विडीच्या पानावर कात्री फिरवणारे हातही असेच वेगाने चालतात, पण त्यांच्यासमोर कॅमेरा गेलेला आम्ही पाहिला नाही.

दुपारी पाककृती झाली. तिच्यात भट्टी लागत होती, म्हणून आम्ही वहीत रेघ मारून पुढे गेलो. शिवणकामाचा कार्यक्रम मात्र चांगला. आधी वर्तमानपत्राच्या कागदावर माप आखायचे, कागद कापून पाहायचा, मग कापडाला कात्री लावायची. चूक झाली तर कागद वाया जातो, कापड वाचते. नंतर शेतीची वाहिनी लावली. 'डीडी किसान' २०१५ साली सुरू झाली, आणि २०२४ पासून तिथे 'कृष' आणि 'भूमी' नावाचे दोन निवेदक बोलतात जे माणसे नाहीतच, संगणकाने तयार केलेली चित्रे आहेत. आमचे वडील म्हणाले, "याच्या पायाला कधी चिखल लागला होता का?" तरीही धानावरच्या किडीची माहिती त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

तीनच्या सुमारास जंगलातल्या प्राण्यांचा कार्यक्रम लागला. आमच्या मुलाने आफ्रिकेतल्या सहा प्राण्यांची नावे पटापट सांगितली. आम्ही विचारले, "आपल्या जिल्ह्यात सारस कुठे दिसतो?" त्याला सांगता आले नाही. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात उरला आहे, परसवाडा आणि झिलमिलीच्या तळ्यांकडे, धानाच्या बांध्यांत. जोडीने राहतो, उथळ पाण्यात किंवा उभ्या धानात घरटे करतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. ज्याच्या बांधीत घरटे, त्या शेतकऱ्याने धान थोडे तुडवले गेले तरी ते सांभाळले, म्हणून तो टिकला. टीव्ही जगाची खिडकी आहे हे खरे, पण दाराबाहेरचे दाखवायला बापालाच उठावे लागते. पाऊस उघडला की मुलाला तळ्यावर न्यायचे, असे आम्ही वहीत लिहून ठेवले.

संध्याकाळी वीज गेली आणि आम्हाला लहानपण आठवले. १९९० नंतरची गोष्ट. आमच्या घरी टीव्ही नव्हता. ज्यांच्याकडे होता त्या एका घरी आम्ही पोरे उंबऱ्याबाहेर बसून पाहायचो. कधी दार उघडे असे, कधी नेमके चांगल्या वेळी लोटले जाई. तिथेच आम्ही 'सुरभि' पाहिले. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे देशातल्या गावोगावच्या कला आणि कारागीर दाखवायचे, आणि शेवटी एक प्रश्न विचारायचे. उत्तर पोस्टकार्डावर पाठवायचे. पत्रे लाखांनी जात. साधे कार्ड तेव्हा पंधरा पैशांचे होते. पुढे टपाल खात्याने स्पर्धेच्या उत्तरांसाठी दोन रुपयांचे वेगळे कार्ड काढले. आम्ही आईकडे दोन रुपये मागितले. आईही विड्याच वळायची. ती म्हणाली, "उत्तर येते ना तुले? मंग वहीत लिहून ठेव. बक्षीस गेलं, उत्तर तर आपलंच राहिलं." ती वही अजून आमच्याकडे आहे. रविवारी वही घेऊन बसण्याची खोड तिथूनच लागली.

त्याच काळात 'टर्निंग पॉइंट' या विज्ञानाच्या कार्यक्रमात प्राध्यापक यशपाल लोकांच्या प्रश्नांची उत्तरे द्यायचे. आकाश निळे का, असला प्रश्नही त्यांनी कधी हसण्यावारी नेला नाही. हा माणूस टीव्हीत अचानक आलेला नव्हता. १९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्ष, अमेरिकेकडून वापरायला मिळालेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले गेले. अहमदाबादच्या ज्या अवकाश केंद्राने हा प्रयोग केला, त्याचे संचालक यशपालच होते. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्याच लोहमार्गावरचा रायपूरचा भाग होता. गावाचा एकच टीव्ही, आणि त्याच्यासमोर सारे गाव. वर्ष संपले, उपग्रह परत गेला. तरी या देशात टीव्ही आधी खेड्यातल्या माणसाला शिकवण्यासाठी वापरून पाहिला गेला होता, हे आपण विसरू नये. तो आपल्या घरात नुसता करमणुकीसाठी आलेला पाहुणा नाही.

२०२० साली हे पुन्हा दिसले. शाळा बंद झाल्या, शिक्षण मोबाइलवर गेले आणि एका मोबाइलवर तीन भावंडे अशी घरे मागे पडली. तेव्हा सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' मराठीतून लागायचे. आमच्या वस्तीतल्या कितीतरी मुलांची त्या दिवसांतली शाळा तेवढीच होती. मोठ्यांसाठीही चांगले काम झाले आहे. संविधान सभेत काय काय चर्चा झाली ते श्याम बेनेगल यांनी २०१४ साली 'संविधान' या दहा भागांच्या मालिकेत दाखवले. त्यात बाबासाहेबांची भूमिका सचिन खेडेकर यांनी केली आहे. आपल्या विहारात दहा रविवार लावावी अशी ती आहे.

रात्री दहाला वही मिटली आणि हिशेब केला. पंधरा तासांत कामाचे असे पाच तास. त्यांतला दहावीच्या मुलीच्या उपयोगाचा दीड तास, तोही सकाळचा. आणि संध्याकाळी सात ते दहा, म्हणजे मुलीच्या अभ्यासाची नेमकी वेळ, त्या वेळात आमच्या वहीत एकही नोंद नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंना हा हिशेब वाचून दाखवला आणि विचारले, "यातलं तुम्हाला काय पाहायला आवडेल?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मले कोणी असं इचारलंच नाही, भाऊ. मी तं टीव्हीकडं पाठ करून विड्या वळतो. रिमोट बापाच्या हातात, नाहीतर पोट्ट्याच्या. ते शिवणाचं मले पाहाचं होतं."

त्यांचे हे बोलणे ऐकून आम्हाला आमच्याच घरचा रविवार आठवला. दिवसभर आम्ही वही घेऊन बसलो होतो. घरच्यांनी चार वेळा चहा आणून दिला. त्यांना कोणता कार्यक्रम पाहायचा आहे, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. समाजकार्याच्या सभेत समतेवर बोलणाऱ्या माणसाच्या हातात घरी दिवसभर रिमोट होता. हे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

ताईंना आम्ही सांगितले ते असे. टीव्ही विकू नका. विकला तर मुलगा शेजारी जाईल, आणि मुलीचा सकाळचा पाठही जाईल. पण संध्याकाळी सात ते नऊ तो बंद ठेवा, सर्वांसाठी, घरच्या मालकांसाठीसुद्धा. सकाळचा पाठ पाहताना मुलीने हिंदी शब्दासमोर मराठी शब्द लिहावा. मुलाचा क्रिकेटचा सामना बंद करू नका, फक्त त्याची वेळ ठरवून द्या. आणि दुपारी शिवणाच्या वेळी रिमोट तुमच्या हातात.

पहिल्या आठवड्यात ताईंचे मालक रागाने रोज शेजारी जाऊन बसले. दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या मुलीचीही परीक्षा जवळ आली, म्हणून तेही दार बंद झाले. आता ते अंगणात बसतात. एक दिवस लेकीने त्यांना विचारले, "बाबा, खांबापासून आपल्या घरापर्यंत तार किती लांब हाय?" ते उठून पावलांनी मोजून आले.

निकाल काय लागेल तो मार्चच्या परीक्षेनंतर कळेल. तोपर्यंत वाचक बंधू-भगिनींना एकच विनंती. येत्या रविवारी आपल्या घरातही वही घेऊन बसा. कार्यक्रम किती चांगले आले ते लिहाच, पण रिमोट दिवसभर कोणाच्या हातात होता तेही लिहा. आणि जे दिसेल ते पोस्टकार्डावर आम्हाला कळवा.