आशाताईंच्या फॉर्ममधले दोन प्रश्न वाचवा

‘आता देवानं उचलावं’ हे वाक्य आपल्याकडे इतकं कानांवर पडतं, की कोणी मान वर करूनही बघत नाही. ‘वय झालं की असंच बोलतात’ म्हणून विषय संपतो. पण नैराश्य हा म्हातारपणाचा भाग नाही, आजार आहे. सत्तरीतही तो बरा होतो; मात्र आधी तो कोणाच्या तरी लक्षात यावा लागतो.

त्याची सोय कागदावर आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ हा आरोग्य तपासणीचा फॉर्म आशा स्वयंसेविका, म्हणजे आपल्या आशाताई, भरतात. तंबाखू, कमरेचा घेर, खोकला अशा गर्दीत दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? मन उदास, निराश असतं का? प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज ३च्या वर गेली, तर समुदाय आरोग्य अधिकारी किंवा डॉक्टरांकडे पाठवायचं.

प्रश्न चांगले आहेत, ते विचारले कसे जातात तिथं घोडं अडतं. ओसरीवर सून बसलेली, नातवंडांचा गोंगाट, आशाताईंना अजून दहा घरं उरकायची. अशा वेळी कोणती आजी सांगेल, की जगावंसं वाटत नाही? ‘बरं आहे गं बाई,’ म्हणते, आणि शून्य लिहिलं जातं. दोष आशाताईंचा नाही. तुटपुंज्या मोबदल्यात आपण त्यांच्यावर किती कामं लादली, ते आठवावं. (पेन्शनरांकडून दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला घेतो. कसे जगता, हे मात्र कोणी विचारत नाही.)

विचारपूस आणि पाठपुरावा झाला तर काय होतं, हे गोव्यात दिसलंय. तिथं साठीपुढच्या १८१ जणांवर एक चाचणी झाली. सगळे मनानं खचू लागलेले, पण अजून पुरते आजारी न पडलेले. त्यातल्या निम्म्या लोकांशी प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी संवाद ठेवला. अडचणी एकेक करून कशा सोडवायच्या, झोप कशी सुधारायची, मधुमेह कसा सांभाळायचा आणि सरकारी योजनांपर्यंत कसं पोचायचं, एवढंच. वर्षभरात या गटात ४ जणांना मोठं नैराश्य आलं, दुसऱ्या गटात १३ जणांना. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या मदतनीसांमध्ये मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, म्हणजे आपल्या तालुक्यात तज्ज्ञ नाही ही सबब पुरत नाही.

म्हणून ज्येष्ठ नागरिक संघांनो, भजनी मंडळांनो, बचत गटांतल्या ताईंनो, हे काम अंगावर घ्या. आशाताई येतील तेव्हा घरच्यांना दहा मिनिटं बाहेर काढा. जोडीदार नुकताच गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या, दुखण्यानं खाटेला खिळलेल्या माणसांची नावं त्यांना आधी द्या. पारावर, कीर्तनाला येणारं कोणी अचानक यायचं थांबलं, तर त्याच आठवड्यात घरी जा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडू नका, घरातली शेतीची औषधं कुलपात टाका, दवाखान्यात सोबत जा. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: गावात साठीपुढचे किती, किती जणांना हे दोन प्रश्न एकांतात विचारले, किती जणांची बेरीज ३च्या वर गेली आणि त्यांच्याकडे नंतर कोण गेलं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.