जहाजावर जाताय? आधी दवाखान्यातून जा

दवाखान्याचे दार अर्धे उघडून, एक पाय बाहेर ठेवून विचारलेला प्रश्न हा आमच्या व्यवसायातला सर्वांत धोक्याचा प्रश्न. "जाता जाता एक विचारू का, डॉक्टर?" असे म्हणत पेशंट थबकतो, बाहेर पंधरा-वीस माणसे खोळंबलेली असतात, आणि आपण काहीतरी उत्तर देऊन मोकळे होतो. डिसेंबर २०२३ मध्ये मी असेच एक उत्तर दिले. ते चुकले, म्हणून आजचा हा लेख.

आमच्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी. आम्ही त्यांना गुरुजी आणि काकू म्हणतो. लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून पुण्याच्या मुलाने दोघांना मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझची तिकिटे दिली. उभ्या आयुष्यात दोघांनी मुंबईच्या लाँचपलीकडे समुद्रप्रवास केलेला नव्हता. काकूंना बारा वर्षांचा मधुमेह. त्यांची साखर दाखवायला आले होते. साखर पाहिली, गोळ्या लिहिल्या, आणि दारातून गुरुजी म्हणाले, "मला एस.टी.ला घाट लागला की उलट्या होतात. बोटीवर काय घ्यावं?" मी उभ्या उभ्या प्रोमेथाझिनच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळी चांगली आहे, जुनी आहे, स्वस्त आहे. पण रात्री लघवीला किती वेळा उठता, हे मी विचारले नाही. ते चार वेळा उठत होते. वयाचेच आहे, असे समजून त्यांनीही कधी सांगितले नव्हते.

पहिल्या रात्री एक गोळी घेतली, बरे वाटले. दुसऱ्या दिवशी जहाज हलू लागले तेव्हा आणखी एक, मग आणखी एक. त्यात नाक वाहत होते म्हणून पिशवीतली सर्दीची गोळीही घेतली. रात्री लघवी तुंबली. प्रोस्टेटची गाठ वाढलेल्या माणसाला हे औषध मूत्राशयाचे स्नायू सुस्त करून अडचणीत आणते, आणि सर्दीच्या गोळीतले नाक मोकळे करणारे औषध मूत्राशयाचे तोंड आवळते. दोन्ही एकदम म्हणजे वरून पंप बंद आणि खालून तोटी बंद. पहाटेपर्यंत गुरुजी केबिनमध्ये तळमळत होते. संकोचाने बोलले नाहीत. शेवटी काकूंनीच जहाजावरचा दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी नळी घालून सुमारे लिटरभर लघवी काढली आणि पिशवी तशीच ठेवली. या गडबडीत काकूंनी सकाळची साखरेची गोळी घेतली, पण नाश्ता राहिला. दहाच्या सुमारास घाम फुटून हातपाय थरथरू लागले, तेव्हा नर्सने साखरेचे पाणी पाजले. लक्षद्वीपचे निळे पाणी दोघांनी डेकवरूनच पाहिले. पिशवी घेऊन छोट्या बोटीत उतरायची गुरुजींना लाज वाटली, आणि काकू एकट्या जाईनात.

हे ऐकून माझे एक समव्यवसायी मित्र म्हणाले, "या वयात हवीत कशाला असली थेरं?" मला हे मुळीच पटत नाही. चाळीस वर्षे शाळा, शेती, मुलांची शिक्षणे आणि सासू-सासऱ्यांची दुखणी यांत गेलेल्या जोडप्याने चार दिवस समुद्र पाहिला तर त्यात थेर कसले? जावे, अवश्य जावे. माझे म्हणणे एवढेच की तिकिटाच्या पैशात डॉक्टरची अर्ध्या तासाची बैठक धरलेली असावी. मुले तिकीट काढतात, बॅग घेतात, गॉगलसुद्धा घेतात. आई-वडिलांची औषधांची यादी मात्र त्यांना ठाऊक नसते. बुकिंगच्या वेळी "काही आजार?" या रकान्यात परस्पर "नाही" लिहिणारे महाभागही मी पाहिले आहेत. विम्याची वेळ येते तेव्हा तो एक शब्द फार महागात पडतो.

आता थोडे समुद्र लागण्याविषयी. आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणाऱ्या नलिका असतात. केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात की सारे स्थिर आहे, आणि या नलिका सांगतात की आपण हलतो आहोत. मेंदूला दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत आणि शिक्षा होते पोटाला. यात भित्रेपणा नाही. इंग्लंडचा आरमारी सेनापती नेल्सन याला समुद्र लागत असे. डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे जहाजावर होता, तरी त्याला शेवटपर्यंत सवय झाली नाही. म्हणून जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागावी. तिथे हेलकावा कमी. मळमळू लागले की वाचन आणि मोबाइल बंद, डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहावे. पोट रिकामे ठेवू नये, तुडुंबही भरू नये. आल्याचा तुकडा चघळल्याने पुष्कळांना आराम पडतो. गोळी घ्यायची तर प्रवासाच्या तास-दोन तास आधी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असलेल्यांनी मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये. शेजाऱ्याच्या पुडीतली तर नकोच.

मधुमेह्यांसाठी दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. जेवण पोटात ठरत नसेल तर ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीप्रमाणे घेतली की साखर धाडकन खाली येते. उलट्या-जुलाबांत मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर काढणाऱ्या नव्या गोळ्याही काही काळ थांबवाव्या लागतात. इन्सुलिन असेल तर ते मनाने कधीच बंद करायचे नाही. यातले कोणते केव्हा, हे आपल्या डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे, कारण भर समुद्रात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. दुसरी गोष्ट पायांची. लक्षद्वीप ही प्रवाळाची बेटे. ते दिसते सुंदर, पण कडा ब्लेडसारख्या. पायांना मुंग्या येणाऱ्या, संवेदना कमी झालेल्या माणसाला कापलेले कळतही नाही, आणि दुपारच्या वाळूचा चटकाही कळत नाही. पाण्यात जायचे ते रबरी बूट घालूनच, आणि रात्री दोघांनी एकमेकांचे तळवे पाहायचे. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढे करायला हरकत नसावी.

जहाजावरचे जेवण म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत मांडलेले लग्नाचे जेवण. चार दिवस पथ्य अगदी काटेकोर पाळा, असे मी सांगणार नाही; सांगून कोणी ऐकतही नाही. पण जेवणाआधी हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा, असे ठासून सांगेन. शेकडो माणसे एकाच पंगतीत, एकाच डावाला हात लावणार. अशा ठिकाणी नोरो नावाचा विषाणू जुलाब-उलट्यांची साथ पसरवतो, आणि बाटलीतले सॅनिटायझर त्याच्यापुढे फारसे चालत नाही. जलसंजीवनीची आठ-दहा पाकिटे सोबत असावीत. रोजची औषधे दोन भागांत, दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत दोघांकडेही असावी.

गुडघ्यांचे कोणीच विचारत नाही. मोठे जहाज खोल पाण्यात उभे राहते आणि बेटावर छोट्या बोटीने जावे लागते. लाटेवर वरखाली होणाऱ्या त्या बोटीत पाय टाकायचा म्हणजे घरचा जिना चढण्याइतके सोपे नव्हे. ज्यांना जिनाही जड जातो त्यांनी जाण्याआधी महिनाभर मांडीचे व्यायाम करावेत, किंवा डेकवरची खुर्ची गोड मानून घ्यावी. बेटांवर सरकारी रुग्णालये आहेत, पण गंभीर रुग्णाला कोचीला न्यावे लागते, आणि मधे नुसता समुद्र आहे.

गुरुजींच्या प्रोस्टेटचे पुढे रीतसर उपचार झाले. मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. "सांगायला मीच हवं होतं," म्हणाले. मी म्हटले, "आणि विचारायला मी." तेव्हापासून दवाखान्यात गुरुवारची दुपार मी प्रवासाला निघालेल्यांसाठी राखून ठेवली आहे. परवा काकूंचा फोन आला. जानेवारीत अंदमानचे ठरते आहे, यंदा तिकिटे मुलाने नाही, त्यांनी स्वतः काढली आहेत. "बोटीत बसायचं आहे, पण उतरायचंही आहे हं या वेळी," असे म्हणाल्या. गुरुवारी चार वाजता दोघांना बोलावले आहे, औषधांची सगळी पिशवी घेऊन.