नावनिशीचा हक्क

२८ एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्क येथे चित्रकार नील ॲडम्स यांचे वयाच्या ८० व्या वर्षी निधन झाले आणि अवघ्या आठ दिवसांनी, ६ मे रोजी, जॉर्ज पेरेझ हेही कालवश झाले, तेव्हा महानायकांच्या चित्रकथांवर वाढलेल्या अमेरिकी वाचकवर्गाला एकाच पंधरवड्यात दोन मोठे वियोग सोसावे लागले. पेरेझ यांनी आपली असाध्य व्याधी आदल्या डिसेंबरातच जाहीर केली असल्यामुळे त्यांच्या चाहत्यांना आपली कृतज्ञता त्यांच्या हयातीतच त्यांच्या कानी घालता आली होती. ॲडम्स यांच्या बाबतीत तशी मुदत मिळाली नाही, आणि म्हणूनच की काय, त्यांच्याविषयी पुढे कित्येक दिवस जे बोलले आणि लिहिले गेले त्यात अंकाअंकाची आणि पृष्ठापृष्ठाची नोंद होती. पेन्सिलीचे काम ॲडम्स यांचे असले तरी शाईकाम डिक जिओर्डानो यांचे की आणखी कोणाचे, एक्स-मेनच्या १९६९-७० मधील अंकांपैकी कोणते त्यांच्या हातचे आणि मधला कोणता एक त्यांचा नव्हे, असल्या तपशिलांत शोकाकुल माणसे रमली होती.

बाहेरच्या माणसाला ही चिकित्सा पोरकट वाटते. मृत्यूच्या प्रसंगी जीवनाचे सार सांगावे, अंकांचे क्रमांक कसले सांगत बसायचे, असा आक्षेप घेतला जातो. मला मात्र या व्यवसायाचा इतिहास पाहता असे ठामपणे वाटते की, त्या शोकातील सर्वांत गंभीर आणि लोकोपयोगी भाग तोच आहे. कारण ज्या धंद्याने आपल्या कारागिरांची नावे गाळण्याची वहिवाट पाडली, त्या धंद्यात कोणी काय केले याचे दप्तर वाचकांनीच सांभाळले आहे, आणि हे दप्तर नसते तर पुढे मिळालेला पुष्कळसा न्याय मिळालाच नसता.

ॲडम्स यांच्या चित्रांत असे काय होते, हे प्रथम सांगितले पाहिजे. ते जाहिरातींच्या कामातून आले होते, आणि दूरदर्शनवरील एका डॉक्टरच्या मालिकेवर आधारलेली ‘बेन केसी’ ही वृत्तपत्रीय चित्रमाला त्यांनी १९६२ पासून १९६६ पर्यंत काढली होती. रोज खऱ्या माणसांचे चेहरे काढावे लागल्याने हाताला जो अभ्यास घडतो तो घेऊन ते १९६७ च्या सुमारास डीसी या प्रकाशनसंस्थेच्या महानायकांकडे वळले, तेव्हा तेथील चित्रांत बलदंड देह होते, पण त्या देहांना वजन नव्हते, आणि क्रोध, भय, थकवा हे भाव ठरावीक रेषांनी सूचित करण्याची रीत होती. ॲडम्स यांनी स्नायूंना शरीरशास्त्र दिले, चेहऱ्याला खालून, बाजूने, पाठीमागून प्रकाश दिला, आणि पानावरील चौकटींची सरळ रांग मोडून प्रसंगाच्या वेगाप्रमाणे त्यांना तिरपी, उभी, फुटलेली रूपे दिली. बॅटमॅनची त्या काळी फार केविलवाणी अवस्था होती. १९६६ ते १९६८ या काळात चाललेल्या दूरदर्शन मालिकेने त्याला भर दिवसा हिंडणारा विनोदी पुरुष करून टाकले होते. बॉब हेनी यांच्या कथा चितारताना ॲडम्स संहितेत दिवस लिहिलेला असला तरी चित्रात रात्र काढीत. आणि पुढे १९७० पासून डेनी ओ’नील या लेखकाच्या साहचर्याने त्यांनी त्या नायकाला त्याचा काळोख, त्याचे एकाकीपण आणि लहानपणी डोळ्यांदेखत आईवडील गमावलेल्या माणसाचे गांभीर्य परत मिळवून दिले. आज जगभर चित्रपटगृहांतून जो बॅटमॅन दिसतो त्याची मुद्रा त्या पानांवरची आहे.

ओ’नील आणि ॲडम्स या जोडीने त्याच वर्षी ग्रीन लँटर्नच्या कथेला जे वळण दिले ते माझ्या मते याहूनही धाडसाचे होते. ग्रीन लँटर्न हा विश्वरक्षक. ग्रहोग्रहीच्या संकटांवर धावून जाणारा. एप्रिल १९७० चा शिक्का असलेल्या ७६ व्या अंकात एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ त्याला अडवून विचारतो की, दूरदूरच्या ग्रहांवरील नानारंगी जीवांसाठी तू एवढे केलेस असे ऐकतो, मग आम्हा काळ्या माणसांसाठी काय केलेस? नायकापाशी उत्तर नसते. पुढे मित्राच्या हाताखाली वाढलेला तरुण हेरॉइनच्या आहारी गेल्याची कथा आली, आणि १९७१ च्या अखेरीस ॲडम्स यांच्या आग्रहाने जॉन स्ट्युअर्ट हा कृष्णवर्णीय वास्तुविशारद ग्रीन लँटर्नचा पर्यायी अधिकारी म्हणून अवतरला. त्या कथांतील संवाद आज काहीसे प्रचारकी वाटतात, आणि विक्रीच्या हिशेबात ती मालिका फार काळ टिकलीही नाही. परंतु त्या वृद्धाचा सुरकुतलेला चेहरा आणि समोर मान खाली घातलेला तो सामर्थ्यवान पुरुष ही चित्रे प्रचाराच्या पलीकडे पोहोचतात, आणि त्यांचे श्रेय लेखणीपेक्षा कुंचल्याकडे अधिक जाते.

परंतु ॲडम्स यांचे नाव मी आज घेतो आहे ते केवळ चित्रांसाठी नव्हे. अमेरिकेतील चित्रकथांचा धंदा आरंभापासून असा चालला की, लेखक आणि चित्रकार पानावारी मेहनताना घेत आणि पात्र, कथा, चित्र यांवरील सर्व हक्क प्रकाशकाकडे जात. मेहनतान्याच्या धनादेशाच्या पाठीवरच हक्कत्यागाचा मजकूर छापलेला असे. सही केल्याशिवाय पैसे मिळत नसत, आणि सही केली की दावा संपे. मूळ चित्रेही प्रकाशकाच्या ताब्यात राहत, वाटली जात, नष्ट केली जात. डीसीच्या कचेरीत आपल्या डोळ्यांदेखत मूळ चित्रांचे तुकडे केले जात होते आणि आपण ते थांबविले, असे ॲडम्स पुढे सांगत असत. १९३८ साली क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शूस्टर या तरुणांनी सुपरमॅनच्या पहिल्या तेरा पानांबद्दल १३० डॉलर घेतले आणि त्याच रकमेत त्या पात्राची मालकी दिली. ज्या धनादेशात ही रक्कम अंतर्भूत होती तो कागद २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरांना विकला गेला. म्हणजे त्यांच्या वंचनेच्या दस्तऐवजाचे मोल त्यांच्या मेहनतान्याच्या हजारपटीहून अधिक ठरले. १९४७ मध्ये त्यांनी दावा लावला, तो तडजोडीने मिटला, आणि त्यानंतर सुपरमॅनच्या कथांवरून त्यांची नावेही उतरविली गेली.

१९७५ मध्ये सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार असे जाहीर झाले तेव्हा सीगल कॅलिफोर्नियात कारकुनी करीत होते, आणि शूस्टर, दृष्टी जवळजवळ गेल्यामुळे चित्रकलेला पारखे होऊन, न्यूयॉर्कमध्ये भावाच्या आश्रयाने राहत होते. सीगल यांनी आपली सविस्तर कैफियत वृत्तपत्रांकडे धाडली. ती हाती येताच ॲडम्स यांनी हे प्रकरण आपले मानले. जेरी रॉबिन्सन यांच्यासारखा प्रतिष्ठित व्यंगचित्रकार पुढे आला, व्यंगचित्रकारांच्या संस्थांनी पाठिंबा दिला, वृत्तपत्रे व दूरदर्शन यांनी विषय उचलला, आणि डिसेंबरात वॉर्नर या डीसीच्या मालक कंपनीने दोघांना प्रत्येकी सालीना २०,००० डॉलरांचा तहहयात तनखा मान्य केला. पैशाचे ठरल्यावरही शेवटपर्यंत अडून राहिलेला मुद्दा नावांचा होता. तोही अखेर मान्य झाला, आणि १९७८ मध्ये चित्रपट पडद्यावर आला तेव्हा सुपरमॅनचे जनक म्हणून त्या दोघांची नावे त्यावर होती.

हे ॲडम्स यांनाच का करता आले, याचाही विचार केला पाहिजे. इतर चित्रकारांना अन्याय दिसत नव्हता असे मुळीच नाही. पण पानावारी मिळणाऱ्या कामावर ज्याचा संसार चालतो त्याला पुढचे पान बंद होण्याचे भय असते. ॲडम्स यांनी १९७१ मध्ये जिओर्डानो यांच्यासह ‘कंटिन्युइटी’ नावाची स्वतःची चित्रशाळा काढली होती. जाहिरातींच्या कामावर तिचा योगक्षेम चाले, उमेदीच्या चित्रकारांना तेथे काम आणि परखड मार्गदर्शन मिळे, आणि कोणत्याही संपादकाची मर्जी खप्पा झाली तरी चूल विझण्याची धास्ती तिच्या चालकाला नव्हती. या स्वातंत्र्याचा उपयोग त्यांनी दुसऱ्यांसाठी केला, म्हणून मला त्यांच्याविषयी आदर आहे. १९७८ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यामुळे प्रकाशकांना चित्रकारांकडून लेखी करारनामे घेणे भाग पडले, तेव्हा त्यावर सह्या करू नका असे सांगत त्यांनी चित्रकथाकारांचा संघ स्थापण्याचा प्रयत्न केला. तो संघ टिकला नाही. मूळ चित्रे चित्रकाराला परत करण्याची रीत मात्र हळूहळू रूढ झाली, आणि १९८७ मध्ये मार्व्हल या प्रकाशनसंस्थेने ॲडम्स यांची स्वतःची, तसेच चित्रकार जॅक कर्बी यांची, हाती उरलेली जुनी चित्रे परत केली.

आता वाचकांच्या त्या दप्तराकडे येतो. बॅटमॅनचा जनक म्हणून एकट्या बॉब केन यांचे नाव करारान्वये छापले जाई. प्रत्यक्षात त्या नायकाचा वेष, त्याचा स्वभाव, त्याच्या आरंभीच्या कथा यांत बिल फिंगर या लेखकाचा वाटा फार मोठा होता. हे प्रथम जगापुढे मांडले ते कोणा न्यायालयाने अथवा प्रकाशकाने नव्हे. जेरी बेल्स नावाच्या एका निष्ठावंत चाहत्याने १९६५ मध्ये फिंगर यांच्याशी बोलून त्यांच्या कामाचा वृत्तान्त लिहिला, आणि केन यांनी संतप्त पत्र लिहून त्याचा इन्कार केला. फिंगर १९७४ मध्ये निर्धन स्थितीत वारले. त्या चाहत्याने नोंदलेली गोष्ट पुढच्या पिढीतील चाहत्यांनी आणि संशोधकांनी सोडली नाही, फिंगर यांची नात पुढे आली, आणि २०१५ मध्ये फिंगर यांचे नाव अधिकृतपणे बॅटमॅनच्या निर्मितीशी जोडले गेले. पन्नास वर्षे ते प्रकरण जिवंत ठेवले ते कोणत्या अंकात काय आहे हे मुखोद्गत असणाऱ्या माणसांनी. म्हणून ॲडम्स यांच्या निधनानंतर शाईकाम कोणाचे यावर घातलेल्या वादाला कोणी क्षुल्लक म्हटले की मला वाईट वाटते.

आपल्याकडे ही स्मृती फार विरळ आहे. इंद्रजालच्या अंकांतील वेताळाची गुहा ज्यांना आजही डोळ्यांपुढे दिसते अशी प्रौढ मराठी माणसे पुष्कळ भेटतील; पण वेताळाचे जनक ली फॉक, किंवा त्याच अंकांत आलेल्या बहादूरचे लेखक आबिद सुरती आणि चित्रकार गोविंद ब्राह्मणिया, ही नावे त्यांतील फार थोड्यांना सांगता येतील. ‘नागराज’ या हिंदी महानायकाच्या सुरुवातीच्या अनेक अंकांची चित्रे प्रताप मुळीक यांची, आणि ‘अमर चित्र कथे’तील कृष्णाची चित्रे राम वाईरकर यांच्या हातची; मराठी चित्रकारांचा हा हात भारतातील लक्षावधी मुलांच्या कल्पनेवर फिरला, आणि तरीही त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पानांची मोजदाद करीत बसलेले वाचक माझ्या पाहण्यात आले नाहीत.

वस्तुतः आपला कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा उदार आहे. तेथे मोलाने करवून घेतलेल्या कृतीचा कर्ता म्हणून कायदा करवून घेणाऱ्यालाच मानतो. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याचे ५७ वे कलम सांगते की, हक्क विकून टाकले तरी ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा अधिकार कर्त्यापाशी राहतो. पण हा अधिकार मागणाऱ्याला पुरावा लागतो, साक्षीदार लागतात, आणि चित्रकथेच्या बाबतीत साक्षीदार म्हणजे वाचक. जुन्या मराठी व हिंदी चित्रकथांची पुनर्मुद्रणे निघतात तेव्हा प्रकाशकाने प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर लेखक आणि चित्रकार यांची नावे सारख्या टंकात छापावीत, ज्या ग्रंथालयांत हे अंक आहेत त्यांनी आपल्या नोंदवहीत चित्रकारासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि शाईकाम व अक्षरलेखन करणाऱ्यांची नावे मिळत असतील तर तीही लिहून घ्यावीत. मूळ अंक अजून कित्येक घरांच्या माळ्यांवर आहेत, आणि ते काम ज्यांनी केले त्यांतील काहीजण आज हयात आहेत. त्यांना विचारता येते.