खरेदीदाराचा माणूस

वर्धा मार्गाच्या दोन्ही अंगांनी नागपूर शहर गेली वीस वर्षे दक्षिणेकडे सरकत आहे, आणि ज्यांनी बेसा, बेलतरोडी, घोगली, पिपळा ही नावे केवळ तुरीच्या व कपाशीच्या शेतांसंबंधी ऐकली होती, त्यांना तीच नावे आता सदनिकांच्या जाहिरातींत वाचावी लागत आहेत. मिहान प्रकल्प आला, 2008 मध्ये जामठ्याचे क्रिकेटचे मैदान उभे राहिले, मार्च 2019 मध्ये सीताबर्डीहून खापरीपर्यंत मेट्रो धावू लागली, आणि 11 डिसेंबर 2022 या एकाच दिवशी एम्सचे लोकार्पण होऊन समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पाही खुला झाला. यांतील प्रत्येक घटनेबरोबर शेतांच्या धुऱ्यांवर चुन्याच्या रेघा पडल्या, सिमेंटचे खांब रोवले गेले आणि ‘एम्सपासून दहा मिनिटे’ असे सांगणारा एकेक फलक उभा राहिला. ही दहा मिनिटे कोणत्या वाहनाने व दिवसाच्या कोणत्या प्रहरी मोजली, याचा उल्लेख मात्र फलकावर कोठेही नसतो.

अशाच एका फलकाखाली गेल्या उन्हाळ्यात मी उभा होतो. पुण्यास नोकरीत असलेल्या माझ्या पुतण्यास नागपुरात प्लॉट हवा होता, आणि निवृत्त चुलत्यापाशी वेळ मुबलक असतो अशी त्याची समजूत असल्यामुळे हे काम माझ्याकडे आले. मला हिंडविणारा दलाल मोठा सौजन्यशील होता. चहाचे पैसेही त्याने मला देऊ दिले नाहीत. “काकाजी, तुमच्याकडून एक रुपया घ्यायचा नाही मला, तुम्ही तर घरचेच,” असे तो म्हणाला, आणि माझ्यासारख्या आयुष्यभर हिशेब तपासलेल्या मनुष्यासही त्या क्षणी हा प्रश्न सुचला नाही, की मग हा गृहस्थ पेट्रोल कोणाच्या पैशाने जाळीत आहे. पुढे मूळ मालकाच्या घरी जाण्याचा योग आला, तेव्हा उलगडा झाला. दलालाने दोन महिन्यांपूर्वीच त्या मालकास बयाणा देऊन इसारपत्र करून घेतले होते, आणि त्याला कबूल केलेल्या व आम्हांस सांगितलेल्या भावांत प्रतिफूट चारशे रुपयांचे अंतर होते. जो मनुष्य आमच्या वतीने घासाघीस करीत आहे असे आम्ही मानीत होतो, तोच वस्तुतः विक्रेता होता.

या प्रकारास कायद्यात उत्तर नाही असे नव्हे. 1872 च्या करार कायद्यातील 215 व 216 ही कलमे नेमकी याच प्रसंगासाठी आहेत: अभिकर्त्याने, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याने, आपल्याला नेमणाऱ्याच्या संमतीवाचून, महत्त्वाची गोष्ट लपवून, स्वतःच्याच लाभासाठी व्यवहार केला, तर नेमणाऱ्यास तो व्यवहार नाकारता येतो आणि अभिकर्त्याने मिळविलेला लाभही मागता येतो. परंतु त्यासाठी तो मनुष्य प्रथम आपला अभिकर्ता आहे हे सिद्ध व्हावे लागते, आणि ज्याला आपण एक छदाम दिला नाही, ज्याच्याशी एका ओळीचाही करार केला नाही, तो आपला अभिकर्ता होता असे न्यायालयापुढे कोणत्या तोंडाने सांगावे? फुकट मिळालेल्या सौजन्याची किंमत येथे भरावी लागते.

स्थावर संपदेचा 2016 चा कायदा महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून पूर्णपणे अमलात आला, त्यायोगे दलालास नोंदणी आवश्यक झाली, आणि 2023 पासून महारेरा या नियामक प्राधिकरणाने त्याच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही लावली, हे चांगलेच झाले. तथापि नोंदणी क्रमांक असणे आणि आपल्या बाजूचा असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. शिवाय ज्या जुन्या ले-आउटांतील प्लॉट हातोहात फिरत असतात, त्यांच्या पुनर्विक्रीपर्यंत या कायद्याचा हात सहसा पोहोचत नाही.

आणि नागपुरात तर पोहोचण्याची गरज तेथेच आहे. माझा पुतण्या पुण्याच्या सवयीने गट क्रमांक विचारी. येथील विक्रीपत्रात मौजा येतो, पटवारी हलका येतो, खसरा येतो. हा मुलूख मध्यप्रांताचा. येथील गावे मालगुजारांची. ती मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली, 1956 मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, 1966 च्या महसूल संहितेने भोगवटदारांचे वर्ग लावले, आणि या प्रत्येक राज्यव्यवस्थेने दप्तरात आपली लिपी व आपला शिक्का सोडून दिला. त्यातून जमीन वर्ग दोनची निघाली तर हस्तांतरास परवानगी लागते, आदिवासी खातेदाराची निघाली तर त्याहून कठोर अट लागते, आणि एखाद्या फेरफारात वारसानांपैकी बहिणींची नावेच गळालेली आढळतात. यापलीकडे नागपूरकरांचा खास प्रांत म्हणजे अनधिकृत अभिन्यास, अर्थात ले-आउट. ‘572 ले-आउट’ आणि ‘1900 ले-आउट’ हे शब्दप्रयोग अन्यत्र कोणास अंकगणितातील उदाहरणासारखे वाटतील. येथे त्यांत सहस्रावधी कुटुंबांचे आयुष्य अडकले आहे. असे भूखंड नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा 2001 चा. तो 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या भूखंडांपुरता होता, आणि 2021 च्या दुरुस्तीने ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत आली. म्हणून येथे दलाल “आर. एल. मिळून जाईल” असे म्हणतो, तेव्हा त्या भविष्यकाळी क्रियापदात सर्व धोका साठविलेला असतो. हे आर. एल., म्हणजे नियमितीकरणपत्र, हातात असणे आणि ते मिळून जाणार असणे यांत, माझ्या मते, घर आणि खटला यांच्याइतके अंतर आहे. त्यात सुधार प्रन्यासाची हद्द कोणती, महानगरपालिका कोठवर, आणि 2017 मध्ये स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सातशेहून अधिक गावांत आपला मौजा येतो काय, याचा निवाडा बाहेरगावच्या मनुष्याने शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत कसा करावा?

म्हणून मला वाटते, की अशा बदलत्या उपनगरात खरेदीदारास स्वतःचा, स्वतः पैसे देऊन नेमलेला माणूस असावा. ऑस्ट्रेलियात हा परवान्याने चालणारा व्यवसाय आहे. अमेरिकेत दीर्घकाळ विक्रेताच दोन्ही बाजूंच्या दलालांची दलाली भरीत असे. तेथील घर विकणाऱ्यांनी दावे लावले, आणि 17 ऑगस्ट 2024 पासून खरेदीदाराने आपल्या दलालाशी, घर पाहण्यास निघण्यापूर्वीच, मोबदल्याचा लेखी करार करावा अशी रीत तेथील दलाल-संघटनेस स्वीकारावी लागली. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. 2016 मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. अडत कोणाच्या खिशातून जाते हा प्रश्न किरकोळ असता, तर एवढा गहजब झाला नसता.

मात्र मोबदला शेकडेवारीने ठरविला, की आपण पुन्हा पहिल्या खड्ड्यात पडतो. समजा, चाळीस लाखांच्या प्लॉटवर एक टक्का ठरला. आपल्या माणसाने चतुराईने चार लाख कमी करविले, तर आपले चार लाख वाचतात आणि त्याचे स्वतःचे चार हजार बुडतात. त्याहून वाईट म्हणजे, “हा घेऊ नका” असे त्याने सांगितले तर त्याच्या पदरी काहीच पडत नाही. खरेदीदाराच्या माणसाचे मुख्य कार्य नकार देणे हे आहे, आणि नकाराची फी शेकडेवारीत बसत नाही. एक ठरीव रक्कम, दर प्लॉटमागे वा दर महिन्यामागे, कागदावर लिहून, आणि त्याच कागदावर त्याने विक्रेत्याकडून काहीही घेणार नाही असे वचन लिहून, ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते.

आपल्याकडे याला मोठी अडचण आहे ती स्वभावाची. मुद्रांक व नोंदणीची लाखांची रक्कम आपण निमूट भरतो, मुहूर्ताच्या पेढ्यांत हात आखडीत नाही, परंतु “तुम्ही नुसते सांगितलेत, त्याचे पैसे कसले?” असे सल्लागारास विचारण्यास आपणांस संकोच होत नाही. त्यामुळे सल्ला देण्याचे काम मेहुण्याकडे जाते. आणि मेहुण्याच्या सल्ल्यास दोष देता येत नाही, कारण दिवाळीत त्याच घरी जायचे असते.

आम्ही शेवटी तहसिलीतून निवृत्त झालेले एक कारकून गाठले आणि त्यांच्याशी दर प्लॉटमागे ठरीव रक्कम लिहून केली. तीस वर्षांच्या सूची क्रमांक दोन त्यांनी शोधल्या, फेरफार वाचले, विकास आराखड्यात आरक्षण पाहिले, आणि तीन प्लॉट एकापाठोपाठ एक नाकारले: पहिला बहिणींच्या हक्कासाठी, दुसरा रस्त्याच्या आरक्षणासाठी, आणि तिसरा, सर्व कागद स्वच्छ असूनही, पोरा नदीकडे उतरणाऱ्या नाल्याच्या काठावर असल्यामुळे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून शहराच्या कोणकोणत्या घरांत पाणी शिरले, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या तिसऱ्या कारणाचा अर्थ सांगावा लागत नाही. तीन नकारांची फी भरताना पुतण्या दूरध्वनीवर थोडा कुरकुरला. काल त्याने शंकरपूरच्या चौथ्या प्लॉटचा खसरा क्रमांक धाडला आहे; कारकुनांनी तो वहीत उतरून घेतला, आणि पहिला मोठा पाऊस पडल्यावर मग पाहण्यास जाऊ, असे म्हणाले.