भट्टी गावात, मीटिंग जिल्ह्याला!



देशी दारूच्या भट्टीचा पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. कापसाचा चुकारा खिशात पडला की पाय आपोआप वळावेत, अशाच जागी ती बसवलेली असते. परवाना सरकारचा, करही सरकारचा. पण ज्याला दारू सोडायची आहे, त्याने कुठे जायचे? हा पत्ता कोणत्या पाटीवर लिहिला आहे?

आमच्या एका सहकाऱ्याने यंदा पऱ्हाटी उपटून झाल्यावर ठरवले, आता पुरे. तालुक्याच्या दवाखान्यात विचारले, तर उत्तर आले, "जिल्ह्याला जा." जिल्ह्याला एका शाळेच्या खोलीत मीटिंग भरते, वेळ संध्याकाळी सातची. गावाकडची शेवटची एसटी साडेसहाची. दोनदा तो दारातून परतला. तिसऱ्यांदा मीटिंगला बसला आणि रात्र स्टँडवर काढली. सकाळी घरी आला, तर घरच्यांना वाटले, रात्रभर पिऊन पडला होता!

ही मीटिंग म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी शेअर बाजारात काम केलेला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए. ए., उभी राहिली. तिथे फी नाही, अर्ज नाही, जात विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. बोललेले बाहेर जात नाही, आडनावही सांगावे लागत नाही. जन्मभराची शपथ कुणी घेत नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी मीटिंग असते.

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. अशा केंद्रांत उपचार घेऊन आपली माणसे बरी होऊन येतात. पण गावी परतल्यावर तीच भट्टी, तीच वाट, तीच दोस्तमंडळी! पेरणी झाली म्हणजे पीक आले असे आपण समजत नाही. डवरणी-निंदण करतच राहावे लागते. दर आठवड्याची मीटिंग ही ती डवरणी आहे.

शेतकरी मेला की शहरातले शहाणे म्हणतात, दारूने मेला. आम्ही म्हणतो, कर्जाने मेला. आमचे म्हणणे आम्ही सोडत नाही. पण या उत्तराआड आम्हीही एक गोष्ट झाकतो. कर्जाच्या नोटिशीने सुरू झालेली दारू कापसाला भाव मिळाला म्हणून सुटत नाही. एकदा व्यसन जडले की तो वेगळा आजार आहे आणि त्याचा इलाज वेगळा करावा लागतो.

२००८ च्या शासकीय आदेशाने मतदानातून बाटली आडवी करण्याचा रस्ता दिला. मायबहिणींनी तो वापरला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. चंद्रपूरला २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ साली उठली, हेही पाहिले. दुकान बंद झाले की व्यसनी माणूस शेजारच्या गावी जातो. दुकानाचे आपण पाहिले, माणसाचे काय? गडचिरोलीच्या जंगलात २०१६ पासून मुक्तिपथ अभियान तालुक्याला क्लिनिक चालवते, गावात शिबिरे घेते. तिथे होते, तर आपल्या काळ्या रानात का होऊ नये?

कुणी म्हणेल, मीटिंगला गेलो तर गावात नाव जाईल. दादा, भर बाजारात पडलो तेव्हा नाव गेले नाही काय?

मात्र एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येते, भ्रम होतो. जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग मीटिंग. आणि नवऱ्याला न सांगता चहातून औषध घालायचा जाहिरातवाला इलाज करू नका. अशा काही औषधांवर दारू पोटात गेली तर माणूस दगावतो.

म्हणून या बैठकीपुढे आमचे म्हणणे असे :

१. प्रत्येक आठवडी बाजाराच्या गावी, बाजाराच्या दिवशी दुपारी, मीटिंगसाठी एक खोली मिळवावी. दारू सोडू इच्छिणारी दोन माणसे असली तरी सुरुवात होते.

२. मीटिंगचा वार, वेळ, जागा आणि परतीच्या एसटीची वेळ ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोनही लिहावा.

३. खोलीत शिरताना बिल्ला बाहेर ठेवावा. तिथे आपले भाषण नको, मतांचा हिशेब नको. ते घर त्यांचे आहे.

सरकारकडे आम्ही भीक मागत नाही. भट्टीला जागा देणाऱ्या गावाने सतरंजीपुरती जागा द्यावी, एवढेच गावाकडे मागतो. आमचा तो सहकारी आजच्या सभेत मागच्या रांगेत बसला आहे. त्याच्या शेजारी आणखी कोण येऊन बसतो, याची आम्ही वाट पाहतो.